एका साच्यातल्या दोन होड्या

दोन्ही होड्या अंगणात पालथ्या घातलेल्या होत्या. शेजारी शेजारी, आणि दोन्हींना एकाच डब्यातला निळा रंग नुकताच दिलेला. रंगाचा वास अजून गेला नव्हता. ओतूरच्या पुढं, पिंपळगाव जोगे धरणाच्या काठावरचं ते घर. मी, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको असे आम्ही तिघं तिथं होडी घ्यायला गेलो होतो, आणि मला होडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. हे मी आज कबूल करतो. त्या दिवशी केलं नाही.

मी अवसरी बुद्रुकला मास्तर. नोकरी लागल्यापासून तिकडंच राहतो. भाऊ मागं राहिला, डिंभे धरणाच्या फुगवट्याला लागून. आमचं जुनं घर आणि शेत पाण्याखाली गेलं तेव्हा आमची बौद्धांची वस्ती डोंगराच्या उतारावर वर सरकली. वाट्याला भाताची दोन खाचरं उरली आणि समोर सगळं पाणीच पाणी. मग भाऊ मासे धरायला शिकला. आमच्या सात पिढ्यांत कुणी धरले नव्हते. नवरा-बायको दोघं जातात. ती वल्हवते, तो जाळं ओढतो. त्यांचं वाहन म्हणजे बांबूच्या चौकटीत कोंबलेले थर्माकोलचे तुकडे, वरून सुतळी गुंडाळलेली. संक्रांतीच्या आधी ते एका सकाळी दुभंगलं. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात दुभंगलं म्हणून निभावलं. भाऊ बेताचा पोहतो. भावजयीला अजिबात पोहता येत नाही. ती तळेघरची. तिकडं पाणी म्हणजे खाचरातलं, गुडघ्याएवढं.

मला ते फोनवर कळलं आणि त्या दिवशी मला वर्गात काही शिकवता आलं नाही. दोघांना ठणकावून सांगितलं, आता त्या थर्माकोलवर पाय ठेवायचा नाही, चांगली होडी मी घेऊन देतो. पैसे माझे, म्हणून निवडही माझीच, असं कुणी बोललं नाही, पण तसंच झालं. दोन जिवांची जबाबदारी अंगावर घेताना मला केवढं बरं वाटलं होतं.

ओतूरच्या स्टँडवर चहा घेताना पत्ता विचारला. चहावाल्यानं कपबशी पुढं केली आणि आमच्याकडं नीट बघून घेतलं.

"त्यांच्या होड्या व्हय? घ्या की. दोनी एकाच साच्यातल्या हायती. पण पावणं, एक इचारून घ्या. दोनातल्या एकीतनं त्यांचा भाऊ गेला. कोणच्या ते इचारा, आन दुसरी घ्या."

"कसा गेला?" भावजयीनं विचारलं.

"पाण्याला पायजे व्हता, गेला."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात भूत, नजर, अमावस्या यातला एक शब्द निघाला तरी वडील ताटावरून उठायचे. धम्म घेतल्यावर त्यांनी घरातून काय काय बाहेर काढलं ते आम्ही पुष्कळदा ऐकलेलं, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता, अजून आहे. मी त्यांचा थोरला मुलगा, वर मास्तर. म्हणजे आगीत तेलच. स्टँडवरच दोघांना सुनावलं. होडी फायबरची असते. तिच्यात माणूस मेला म्हणून फायबर बदलत नाही. तिथं जाऊन कुणी हा प्रश्न विचारला तर मी आल्या पावली परत फिरेन. लोक काय म्हणतील, एवढी शिकलेली माणसं आणि भुतांची चौकशी करत फिरतात?

भाऊ "बरं मास्तर" म्हणाला आणि हसला. त्याचं हसणं मला पुरलं. ती काही बोलली नाही, आणि ती बोलली नाही याची मी दखल घेतली नाही.

होडीवाला माझ्याच वयाचा होता, डोक्याला टोपी, बोलायला एकदम बेताचा. त्याच्या आईनं भावजयीला चहाला आत नेलं. आम्ही अंगणात होड्या सुलट्या केल्या. त्यानं समजावून सांगितलं की दोन्ही टोकांना, बसायच्या फळीखाली, एकेक बंद पेटी असते. तिच्यात हवा, दुसरं काही नाही. होडीत पाणी भरलं तरी या दोन पेट्या तिला वर धरून ठेवतात. मी वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखी मान हलवली.

मग मी परीक्षा घ्यायला लागलो. बोटांच्या पेरांनी दोन्ही होड्या ठोकून बघितल्या. डावीचा आवाज पोकळ यायचा, उजवीचा मागच्या बाजूला भरीव, बद्द. दोन्ही उचलून बघितल्या. डावी आम्ही दोघांनी सहज उचलली. उजवी मागून उचलताना माझी कंबर धरली.

आमच्याकडं कुठलीही वस्तू घेताना आधी हातात तोलून बघतात. पातेलं असो, कुऱ्हाड असो, दाराची फळी असो. जड म्हणजे माल भरपूर घातलेला. हलकी वस्तू देणारा फसवतोय, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला ते लागूही पडतं. पाण्यावर काय लागू पडतं ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि शिकवायला पाणी आमच्या दारात येऊन चाळीसेक वर्षंही झाली नव्हती.

"दादा, मला डावी बरी वाटती," भाऊ म्हणाला. "हलकी हाय. आमच्या हिला वल्हवायला सोपी."

"अरे, साचा एक, मग वजनात फरक का?" मी म्हणालो. "डावीत माल मारलाय. उजवी भक्कम."

प्रश्न अगदी बरोबर विचारला होता मी. तो होडीवाल्याला विचारायला हवा होता. मी स्वतःलाच विचारला आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळा झालो.

होडीवाला बाजूला उभा होता. तो होड्यांकडं बघत नव्हता, माझ्याकडं बघत होता.

"अजून काय इचारायचं आसंल तर इचारा," तो म्हणाला.

"काही नाही. उजवी द्या."

"बघा हां. मनात काय आसंल तर इचारून घ्या."

मला त्याचा राग आला. हा आता भुताची गोष्ट सांगणार आणि भाव वाढवणार किंवा पाडणार, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. मी परत म्हणालो, "उजवी द्या." त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, घरातून दोन वल्ही आणून दिली आणि होडी टेम्पोत चढवायला शेजारून दोन माणसं बोलावली. चौघांना ती जड गेली. मी भावाकडं बघून भुवया उडवल्या, बघ, म्हणालो नव्हतो?

पहिल्या महिन्यात तक्रार नव्हती. भाऊ फोनवर सांगायचा, कटला मिळाला, रोहू मिळाला, एकदा मोठी मरळ. मग बोलता बोलता म्हणाला, होडी जरा मागून दबती. मी म्हणालो, तू मागं बसतोस म्हणून. तो म्हणाला, मी पुढं बसलो तरी दबती. मी म्हणालो, मग पुढं दगड ठेव. त्यानं ठेवले. मास्तरचा सल्ला.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा पुढच्या टोकाला पाच-सहा चांगले धोंडे होते. काठावर ओढलेल्या होडीच्या तळाशी पाण्याचा थेंब नव्हता, कोरडी ठणठणीत. तरी भावानं ती जराशी हलवली की कुठूनतरी पाणी हिंदकळल्याचा आवाज यायचा. मी वाकून बघितलं, हात फिरवला. पाणी कुठंच नाही आणि आवाज तर येतोय. खरं सांगतो, त्या क्षणी मीही चरकलो. पण ते मी मानलं नाही. खालच्या चिखलातलं पाणी वाजतंय, म्हणून सांगून टाकलं.

"मधी पाण्यावर असतानाबी वाजतं," भावजय म्हणाली. "मागनं. कोणतरी घोट घेतंय असं वाटतं, दादा."

मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. म्हणालो, तळेघरहून येताना भुतं बरोबर आणलीस की काय? भाऊही हसला, जरा उशिरा. तिनं खाली मान घातली. तेव्हापासून तिनं तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून कमरेला बांधायला सुरुवात केली. होडीत बसताना बांधायची, उतरली की सोडायची. त्यावरूनही मी तिला चिडवलं. बाजारात तेल आणायला निघालीस का, म्हणालो. ती कॅनची दोरी नीट बघत राहिली.

अमावस्येला ते जात नाहीत असं मला वस्तीतल्या कुणीतरी सांगितलं. मी फोन करून भावाला झापलं. वडिलांचं नाव घालवतोस, असंही म्हणालो. त्यानंतर ते अमावस्येलाही जायला लागले. माझ्या शब्दाला त्या घरात एवढी किंमत होती, आणि मी ती अशी उधळत होतो.

चैत्रातली रविवारची सकाळ होती. मी आदल्या दिवशी मुक्कामाला आलो होतो. सूर्य वर येऊन हातभर झाला असेल. वारा नव्हता. पाणी परातीतल्यासारखं स्थिर, एक सुरकुती नाही. मी काठावर उभा होतो आणि ती दोघं हाकेच्या अंतरावर जाळं उचलत होती. ती पुढं वल्ही धरून, तो मागं उभा राहून जाळं आत घेत होता. पलीकडं ठाकरवाडीतले एक म्हातारे टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून आपलं जाळं बघत होते. त्या दिवशी जाळ्यात माल चांगला होता. भावानं एक मोठा मासा दोन्ही हातांनी वर धरून मला दाखवला. मीही हात हलवला.

मग होडी मागून खाली बसली. बैल चालता चालता शेतात बसतो तशी बसली. डुगडुगली नाही, उलटली नाही, आवाज नाही. भाऊ पोटापर्यंत पाण्यात गेला, त्यानं माझ्याकडं वळून बघितलं, आणि गेला. पुढचं टोक उभं राहिलं. धोंडे आणि भावजय त्यावरून घसरत खाली आले. एवढ्या शांत पाण्यात ते निळं टोक आभाळाकडं नाक करून उभं राहिलं आणि त्याच्या आजूबाजूला कुणीच नव्हतं.

मी ओरडत पाण्यात शिरलो. चिखलात चपला रुतल्या, विजार पायाला गुंडाळली. मला विहिरीतलं पोहता येतं, उडी मारून काठ धरण्याएवढं. गळ्याएवढ्या पाण्यात मी उभा राहिलो आणि पुढं पाऊल उचलेना. ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. पाऊल उचलेना.

तेवढ्यात कॅन वर आला आणि कॅनच्या मागून ती. तोंडात पाणी, डोळे फाटलेले. तिच्या हाताला जाळ्याचा दोर गुंडाळलेला होता. तिनं इकडं तिकडं बघितलं, मदतीला हाक मारली नाही, तो दोर ओढायला लागली. विहिरीवरून कळशी शेंदतात तसा हातावर हात टाकून ओढत होती. दर ओढीला स्वतः पाण्याखाली जायची आणि कॅन तिला पुन्हा वर आणायचा. जाळं वर आलं, मासे वर आले, आणि जाळ्यात पाय अडकलेला भाऊ वर आला. तिनं त्याचे केस धरले ते ट्यूबवरचे म्हातारे पोचेपर्यंत सोडले नाहीत. पोचल्यावरही सोडले नाहीत. काठावर आणल्यावर तिची बोटं आम्हाला उलगडावी लागली.

भाऊ वाचला. घोडेगावला दवाखान्यात दोन दिवस होता, छातीत पाणी गेलं होतं.

होडी पूर्ण बुडाली नव्हती, टोक वर काढून तिथंच उभी होती. ठाकरवाडीच्या लोकांनी ती ओढून आणली. मी मंचरहून टाक्यांना फायबर मारणारा एक कारागीर बोलावला. त्यानं होडी ठोकली, कान लावला, आणि मागच्या पेटीला ड्रिलनं भोक पाडलं. काळं, कुबट वासाचं पाणी धार धरून यायला लागलं. बादली भरली. दुसरी भरली. तिसरीच्या वेळी मी बाजूला जाऊन बसलो.

"पेटीला आतनं जुनी चीर हाय," तो म्हणाला. "चिरीतनं पाणी आत जातं, भाईर यायला वाट न्हाई. वरनं रंग मारला, मग चीर दिसत न्हाई आन आतलं पाणी आतच. तुमी घेतली तवाच जड आसंल ही. आन राव, रागवू नका, पर ही आधीबी अशीच बसली आसंल. एकदम न्हाई बसत. महिनं महिनं पाणी भरतं, आन एक दिस बसती."

तेव्हा मला कळलं की होडीवाल्याचा भाऊ कसा गेला हा प्रश्न भुताचा नव्हताच. कुठल्या होडीतून गेला, कसा गेला, होडी उलटली की मागून बसली, हे विचारलं असतं तर चार वाक्यांत सगळं समोर आलं असतं. विचारण्यात अंधश्रद्धा कसली? न विचारण्यात होती. चहावाल्याला वाटलं पाण्याला माणूस हवा होता, मला वाटलं असल्या गोष्टी कानावरही घेऊ नयेत, आणि पेटीतली चीर दोघांनीही बघितली नाही.

मी होडीवाल्याला फोन केला. तोंडाला येईल ते बोललो. त्यानं ऐकून घेतलं.

"मास्तर, चुकलं माझं," तो म्हणाला. "रंग मीच दिला. रंगाबिगर कोण घेतंय? पर मी ठरवलं व्हतं, जो इचारील त्याला खरं सांगायचं. सगळी इचारत्यात. तुमाला दोनदा म्हनलो, इचारा. तुमी न्हाई इचारलं. मला वाटलं, तुमाला ठावं हाय आन चालतंय."

"पेटी तरी बघायची होतीस."

"भाऊ गेल्यावर त्या होडीला हात लावायची हिंमत झाली न्हाई मला. रंग दिला तोबी तोंड फिरवून."

दुसऱ्या होडीचं काय केलंस, एवढं विचारलं. ती विकली, हलकी होती, माणसाला बरी वाटली, असं तो म्हणाला. मी फोन ठेवला.

भाऊ घरी आल्यावर त्याला भेटायला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, बोलताना धाप लागत होती. भावजय खाली तांदूळ निवडत बसली होती. तिच्या हाताला जिथं दोर गुंडाळला होता तिथली कातडी गेली होती, त्यावर हळद. मी दोघांच्या समोर बसलो आणि जे घरातून ठरवून आलो होतो ते बोललो. म्हणालो, चूक माझी. त्या दिवशी मी तुम्हाला विचारू दिलं असतं तर ही होडी घेतलीच नसती.

ती निवडायची थांबली.

"मी इचारलं व्हतं, दादा," ती म्हणाली.

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकतोय.

"त्यांची आई चहा करत व्हती. मी इचारलं, कोणच्या होडीतनं गेलं. त्या म्हनल्या, उजवी. मागनं बसली म्हनल्या, वारा नव्हता म्हनल्या. मी भाईर आले तवर तुमी पैसं दिलं व्हतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिनं भावाकडं बघितलं. भावानं खोकून घसा साफ केला.

"मला बोलली ती. टेम्पोतच बोलली," तो म्हणाला. "मीच म्हनलो, दादाला सांगू नको. हसंल आपल्याला."

ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पावणेतीन महिने ती रोज त्या होडीत बसत होती, मागून येणारा तो आवाज ऐकत होती, आणि तिला माहीत होतं. भावालाही माहीत होतं. दोघं गप्प राहिले, मी हसू नये म्हणून.